चुन्याखालची बाई

“दार लावा आधी... वाऱ्यानं भिंत झडतेय.”

नोव्हेंबरचा पाऊस, चिंब कोट, कोटाखाली पोरांच्या वह्या – आणि वरून कुणीतरी मला हुकूम सोडतंय. एरवी दिवसभर सगळ्यांना दार लावायला मीच सांगते. पाऊस ओसरेपर्यंत आडोसा म्हणून चर्चमध्ये शिरले होते. वर पाहिलं तर उत्तरेच्या भिंतीला परांची बांधलेली, आणि तिच्यावर दाढीत चुना अडकलेला एक माणूस.

“तुम्ही कोण?”

“एस्किल्ड. जुन्या भिंतींची कामं करतो. तुम्ही?”

“बोडिल. इथली मास्तरीण. चर्चच्या पंचमंडळात पाचवी. तुम्हाला आम्हीच बोलावलंय.”

“मग तर लावाच.”

लावलं मुकाट्यानं. हसूही आलं, पण ते त्याला दिसू दिलं नाही.

मग शाळा सुटली की माझे पाय आपोआप तिकडे वळायला लागले. तो छोट्या हातोडीनं चुन्याचे थर उडवायचा, आणि खालच्या जुन्या चित्रातली एक बाई रोज वीतभर बाहेर यायची. डोक्याला रुमाल, हातात रवी – ताक घुसळून लोणी काढत होती. तिच्या मागे सैतान, तिला मदत करणारा.

“तुमच्यासारखीच आहे,” तो एकदा म्हणाला. “कपाळावर आठी.”

“आणि मागचा तुमच्यासारखा.”

“असेना... तो तिच्या जवळ तरी उभा आहे.”

मी वह्यांत डोकं घातलं. कान मात्र तापले होते.

“पण ही इथंच का?” मी विषय बदलला.

“ही बाजू बायकांची ना. तो बुजवलेला दरवाजा बघा, बायका तिथून आत यायच्या, पुरुष दक्षिणेकडून. लोण्यात लबाडी कराल तर मदतीला कोण येईल, ते समोरच रंगवून ठेवलं.”

“आणि पुरुषांच्या लबाडीचं काय?”

“रंगवणारा पुरुषच होता, बाई.”

एका दुपारी त्यानं मला शिडीनं वर, छताच्या कमानींच्या पाठीवर नेलं. विटांच्या या कमानी पाचशे वर्षांपूर्वी घातलेल्या. त्याआधी सपाट लाकडी छत होतं, म्हणून जुनी दगडी भिंत अजून त्यांच्याही वर चढलेली. तिथं अंधारात आणखी जुन्या चित्राचा एक लाल पट्टा उरला होता. वाकडंतिकडं पाऊल पडू नये म्हणून त्यानं माझं मनगट धरलं. पट्टा पाहून झाला, तरी सोडलं नाही... मीही आठवण करून दिली नाही.

बाई पुरती बाहेर आली तेव्हा, तिला उघडी ठेवायची की परत चुन्यानं झाकायची हे ठरवायला पंचमंडळाची बैठक ठरली. उघडी ठेवायची, तर एस्किल्ड ईस्टरपर्यंत राहणार, पुढे दर हिवाळ्यात डागडुजीला येणार. झाकायची, तर त्याच आठवड्यात दूर युटलंडला, दुसऱ्या चर्चच्या भिंतीकडे. त्याला घर असं नव्हतंच. माझ्या शाळेत अठरा पोरं आणि शिकवायला मी एकटी. त्याच्या मागे जाणं शक्य नव्हतं. ईस्टरपर्यंतचे आठवडे मी मनात मोजूनसुद्धा ठेवले होते.

बैठकीच्या आदल्या दिवशी त्याला विचारलं, “उघडी ठेवली, तर तिचं काय होईल?”

तो बराच वेळ ब्रश पुसत राहिला. “खरं सांगू? चर्चमध्ये आता हीटर बसलाय. भिंतीतलं मीठ बाहेर येईल, रंग गळेल. दहा वर्षं... फार तर.”

“आणि चुन्याखाली?”

“चारशे वर्षं राहिलीच की.”

दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेबांच्या घरी कॉफी आणि केक. दोघं म्हणाले, ठेवा, पाहुणे येतील. दोघं म्हणाले, प्रवचनाच्या वेळी डोक्यावर सैतान नको. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी झाकायच्या बाजूनं हात वर केला, कॉफी तशीच टाकून घरी आले आणि पोटभर रडले.

शनिवारी तो चुना कालवत होता. मी बादली धरली.

“दुसऱ्या बाजूनं हात वर केला असतास तर?” त्यानं विचारलं. पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला.

“तू खोटं बोलला असतास तर?”

“तू विचारायच्या आधी तीन दिवस तेच घोकत होतो. वीस वर्षं टिकेल म्हणायचं, कोण तपासायला बसलंय...”

“मग?”

“तू समोर येऊन विचारलंस. माझा जीव जडलाय तुझ्यावर, बोडिल. तुला फसवून तुझ्याजवळ राहायचं नव्हतं.”

मी दोन्ही हातांनी बादली घट्ट धरून उभी राहिले. त्यानं कुंचा फिरवला. चेहऱ्यावरून शेवटी.

पण बाई दिसतच होती.

“ओला चुना पाण्यासारखाच,” तो म्हणाला. “वाळेल तसा पांढरा होतो. या हवेत संध्याकाळ होईल.”

“आणि तुझी बस?”

“चारची.”

आम्ही उत्तरेच्या बाकावर बसलो. चारची बस आली, हॉर्न वाजवून गेली. कुणी उठलं नाही. माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं, आणि समोर ती फिकट होत चालली होती – आधी सैतान, मग रवी, मग रुमाल. सहा वाजता समोर नुसती पांढरी भिंत उरली.

तो शेवटच्या बससाठी उठला, पिशवी खांद्याला लावली.

“परत येशील?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “माहीत नाही, बोडिल.”

तेवढ्या एका वेळी तो खोटं बोलला असता, तर मला चाललं असतं.