ओढ्याकडच्या निरगाठी

"खुणा चुकीच्या वाटेला बांधणाऱ्या रक्षकाला आजच कामावरून कमी केलंय," राष्ट्रीय उद्यानाचे साहेब कर्ण्यातून सांगत होते. मैदानभर माणसं. टिल्ली पाण्याच्या टेबलाशी पेले भरत होती, ती तशीच थिजली. तो रक्षक म्हणजे तिचे बाबा!

डोंगरातली पन्नास किलोमीटरची शर्यत. कुणी धावतंय, कुणी चालतंय. वाट कळावी म्हणून बाबांनी आदल्या दिवशी झाडांना केशरी फिती बांधल्या होत्या. तरी फाट्यावरून चाळीस जण डावीकडे ओढ्यात उतरले. एका बाईंचा पाय मोडला. बाबा म्हणाले, चुकलं असेल माझंच, दमलो होतो. बाबांचं असं पडतं घेणं टिल्लीला मुळीच आवडत नसे.

सुट्टीला आलेली आत्याची दोन मुलं तिच्या दिमतीला होतीच. एक ढापण्या, चष्म्याआडून सगळं टिपणारा. दुसरी भोंगा, तिला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. तिघं धापा टाकत फाट्यावर पोचली.

ओढ्याकडे चार फिती होत्या. टिल्लीने पहिली ओढली, ती सुटेना. दुसरीही नाही.

"या बाबांनी बांधलेल्याच नाहीत," ती म्हणाली. "निरगाठी आहेत या."

शर्यत संपली की चारशे फिती बाबांना एकट्यालाच काढाव्या लागत, म्हणून ते कायम सुरगाठ मारत. एक हिसका, की फीत हातात. निरगाठ मारून स्वतःच्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

मग हे कुणाचं काम? तिघं खाली मैदानात परतली, तर उत्तर मंडपातल्या पडद्यावर झळकत होतं, शर्यतीच्या छायाचित्रकाराने काढलेला फोटो. ओढ्याकाठी धावणारा देखणा तरुण, मागे केशरी फीत. ढापण्याने चष्मा पुसून पाहिलं. पन्नास किलोमीटर धावणाऱ्याचे बूट इतके कोरे करकरीत? आणि छातीवर नंबर कुठाय? हा शर्यतीतला नव्हेच, फोटोपुरता उभा केलेला!

भोंगाला साहेबांना बोलवायला पिटाळून ढापण्या छायाचित्रकाराजवळ गेला. काका, काय झकास फोटो, असं म्हणताच काका हरभऱ्याच्या झाडावर चढले. साहेब पाठीमागे येऊन उभे राहिलेले त्यांना दिसलेच नाहीत.

"पाण्याशिवाय फोटोला मजा नाही रे. सकाळी वरच्या वाटेच्याच चार फिती काढून खाली ओढ्याकडे बांधल्या."

"मग परत वर लावल्या?" टिल्लीने विचारलं.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. ते विसरले होते.

साहेबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास! अशी चौकस मुलं हवीत," म्हणाले. बाबांना बोलावून घेतलं, नोकरी तिथल्या तिथे परत मिळाली. छायाचित्रकाराला चार शब्द सुनावून साहेब निघाले.

"साहेब, हे कर्ण्यावरून सांगा ना," टिल्ली म्हणाली.

"आता कुणाला सांगू, बाळ? माणसं तर गेली." आणि ते खरंच होतं. मैदान रिकामं होतं. चारशे माणसं तिच्या बाबांना गबाळे ठरवून आपापल्या घरी निघून गेली होती, आणि त्या बाईसुद्धा प्लॅस्टरमधला पाय घेऊन त्यांनाच बोल लावणार होत्या.

टिल्लीला वाटलं, आता तरी बाबा बोलतील. चार लोकांत पाणउतारा केलात, तशी माफीही मागा म्हणतील.

बाबांनी हात जोडले. "लई उपकार झाले, साहेब," म्हणाले.

टिल्लीला साहेबांचा आला नव्हता इतका राग बाबांचा आला, आणि त्याहून जास्त रडू.