दिशाबोध कच्चा

वेणूचा हात भातुकलीच्या ओट्यावर आपटला आणि मनगटातली काचेची बांगडी तुकडे होऊन खाली पडली. वेणू रडली-बिडली नाही. तिने पायाने तुकडे बाजूला सारले आणि अख्ख्या अंगणवाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ताई, माझी बांगडी वाढली!"

खिडकीजवळच्या दांडीवर बसलेल्या राघूने मान तिरकी केली. त्याच्या हिरव्यागार शेपटीतलं एक पीस पिवळं झालं.

"झालं!" शालनताईंनी केरसुणी उचलली. "आता हिची आई येणार धावत."

आणि खरंच, तुकडे झाडून होतात न होतात तोच अस्मिता रासने दारात हजर. धाप लागलेली, एका हातात फोन, दुसऱ्या हातात झारा. "ताई, पीस पिवळं झालं! काय केलं हिनं?"

"बांगडी वाढवली. अहो, तुमच्या हातातल्या झाऱ्यातून तेल गळतंय. पोरं घसरतील."

पेठ कळंब्यात हल्ली असंच चाललं होतं. गावातला बारका पोर काय शिकला, कसा वाढतो आणि मनानं सुखी आहे का, हे मोजण्याचं काम या वर्षीपासून एका यंत्राकडे आलं होतं. त्याचं कागदोपत्री नाव 'बालवेध'. दिसायला पोपट, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा राघू केला. त्याच्या डोळ्यांत कॅमेरे होते, पोटात कान होते, आणि पोरं ज्या चटईवर खेळत तीही त्याचीच होती. कोण कुणाला ढकलतं, कोण एकटं बसतं, कुणाचा श्वास कधी भराभर चालतो, ते ती चटई त्याला कळवत असे. परीक्षा नाही, पाटी नाही. पोरांनी खेळायचं आणि राघूने वेध घ्यायचा. शेपटीत प्रत्येक पोराचं एक पीस. सगळं ठीक असेल तर ते हिरवं, जरा शंका आली तर पिवळं, आणि पोर मागे पडत असेल तर लाल.

कल्पना वाईट नव्हती. वाईट एवढंच, की पिसाचा रंग आईबापांच्या फोनवर दिसे. मग काय विचारता! गिरणीत दळणाच्या रांगेत बायका एकमेकींना आधी पीस विचारायच्या आणि मग तब्येत.

घरी आल्यावर अस्मिताने लेकीला पाटावर बसवलं. "हे बघ, बांगडी फुटली म्हणायचं. म्हण, फुटली."

"फु–" वेणू सुरुवात करते न करते, तोच पुढच्या दुकानातून अंबादास आजोबांचा आवाज कडाडला. "खबरदार! कासाराच्या घरात हा शब्द?"

रासन्यांचं बांगड्यांचं दुकान पिढ्यान्‌पिढ्यांचं. गावातल्या प्रत्येक नवरीच्या हातात चुडा त्यांनीच भरलेला. आजोबा दुकानातून आत आले, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सुनेला म्हणाले, "बांगडी फुटत नसते, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. रात्री दुकानसुद्धा आपण बंद करत नाही, वाढवतो. आणि तू लेकराला हे शिकवतेस? शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!"

"मामंजी, नाऱ्याला पीस नव्हतं. हिला आहे. लाल झालं तर हिला तालुक्याच्या पूरक वर्गात पाठवतात. सकाळी गाडीत घालायचं, संध्याकाळी परत. पाच वर्षांची नाही झाली अजून पोर."

आजोबांनी चष्मा पुन्हा गळ्यात सोडला. नात दिवसभर गाडीने परगावी जाणार, हे त्यांच्याही पचनी पडणारं नव्हतं. पण शब्दही पचनी पडेना. ते पुटपुटत दुकानात गेले.

मग वेणूची शिकवणी सुरू झाली. अस्मिता तिला भांडी दाखवी, खडू मोडून दाखवी, दार लावून दाखवी. वेणू शहाण्यासारखी 'मोडला', 'संपलं', 'बंद' म्हणे. पोर हुशारच होती. इतकी हुशार, की शुक्रवारी दुकानात नव्या नवरीला घेऊन सासू आली, हात चेपताना एक बांगडी पिचली, आणि गल्ल्याशेजारी बसलेल्या वेणूने टाळ्या पिटून सांगितलं, "काकूंची बांगडी फुटली! फुटली, फुटली, फुटली!"

सासूने सुनेचा हात ओढून घेतला, कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं आणि दोघी हातभर हिरवा चुडा अर्ध्यावर टाकून निघून गेल्या. आजोबा मटकन खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या दुकानातून नवरी अर्ध्या चुड्यानिशी गेली होती. ते नातीवर एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

त्या दिवसानंतर वेणू बोलेनाशी झाली.

बोलली तर आई रागावणार, नाही तर आजोबा. मग बोलायचंच कशाला? अंगणवाडीत ती भातुकली मांडायची, पण मुकाट्याने. राघूने वाट पाहिली, मान तिरकी केली, पुन्हा वाट पाहिली. एके सकाळी तिचं पीस लाल झालं.

लाल पीस झालं की तालुक्याहून तज्ज्ञ येत. डॉक्टर केतकी गद्रे आल्या त्या पुण्याच्या, बालमानसशास्त्र शिकलेल्या, स्वभावाने गरीब, पण त्यांच्या मागे अठरा गावांचे राघू. त्या दिवशी त्यांना अजून दोन गावं करायची होती. त्यांनी वेणूला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, जवळची चिक्कीसुद्धा दिली. वेणूने ठोकळ्यांचा सुरेख मनोरा रचला, चिक्की खाल्ली आणि तोंड उघडलं ते फक्त चिक्कीपुरतं.

"शब्दांचे अर्थ उलटे लावते, असं राघूनं बरेच दिवस टिपलंय," डॉक्टर फोन चाळत म्हणाल्या. "मोडलं की 'वाढलं', बंद केलं की 'वाढवलं'. जाणं आणि येणं यातला फरकही कळत नाही. दिशाबोध कच्चा, असं आहे इथे. आणि अजून एक गोष्ट. कुणी दाराकडे निघालं की हिचा श्वास वाढतो. खेळ टाकून दाराशी पळते. यंत्रानं त्याला 'दारभय' नाव दिलंय."

"अहो, भय कसलं! संस्कार आहेत," शालनताई म्हणाल्या. "कुणीही निघालं की ती निरोप द्यायला जाते दाराशी. आम्हाला तर कौतुकच वाटतं."

अंबादास आजोबा कोपऱ्यातल्या बारक्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. ती खुर्ची पोरांसाठी केलेली, आणि त्यातून आता आपल्याला उठता येईल की नाही, याचीही त्यांना काळजी होती. "बाई," ते म्हणाले, "उलटं नाही ते. ती रीत आहे."

"आजोबा, रीत मलाही समजते. पण यंत्र शब्दावर विश्वास ठेवत नाही. मुद्दाम तसं बनवलंय. पहिले राघू आले तेव्हा आईबापांनी पोरांकडून 'मी फार आनंदी आहे' असं घोकून घेतलं होतं. सगळी पिसं हिरवी! तेव्हापासून राघू फक्त मेळ बघतो. डोळ्याला दिसतं ते आणि तोंडातून निघतं ते, जुळलं पाहिजे. रीत त्याच्या पोटात भरायची कुणाला सुचली नाही. आणि आता तर ही बोलतच नाही. मी तरी काय करू?" त्यांनी सुस्कारा सोडला. "थोडे दिवस पूरक वर्गात पाठवू. बघू काय होतं."

अस्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वेणूला जवळ ओढलं. वेणू तिच्याकडे बघत नव्हती. तिचं सगळं लक्ष डॉक्टरांच्या पर्सकडे होतं, कारण डॉक्टरांनी पर्स खांद्याला लावली होती.

"बरं शालनताई, येते मी," डॉक्टर म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.

राघूने पंख फडफडवले.

"नवी नोंद," तो खणखणीत आवाजात बोलला. "नाव ठाऊक नाही. वय अंदाजे पंचेचाळीस. व्यक्ती बाहेर जाते आहे आणि 'येते' म्हणते आहे. दिशाबोध कच्चा. पूरक वर्गात पाठवावे."

शेपटीतलं एक पीस पिवळं झालं.

आधी शालनताई हसल्या. मग आजोबा हसले, आणि हसता हसता खुर्चीसकट पुढे कलंडले. अस्मिताने डोळे पुसत पुसत हसू लपवलं. "आणि पंचेचाळीस काय म्हणून?" डॉक्टर म्हणाल्या. "चाळीस पण नाही पूर्ण!" आणि मग त्याही उंबऱ्यावर उभ्या राहून पोट धरून हसायला लागल्या. जन्मभर त्या 'येते' म्हणूनच घराबाहेर पडल्या होत्या. हे यंत्र बनवणारी माणसंसुद्धा रोज सकाळी 'येतो' म्हणूनच कामाला गेली असतील, आणि जाऊन त्याला शिकवलं काय, तर दिशाबोध!

एकटी वेणू हसली नाही. ती दांडीपाशी गेली, कमरेवर हात ठेवले आणि कितीतरी दिवसांनी बोलली.

"राघू, तू वेडा आहेस का रे? येतेच म्हणायचं असतं. जाते म्हटलं की माणूस येत नाही."

सगळ्यांचं हसू विरलं.

"कुणी सांगितलं गं तुला?" डॉक्टरांनी हळूच विचारलं आणि पर्स खाली ठेवली.

"आजी जाते म्हणाली." वेणूला यात समजावून सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "तिला गाडीत ठेवलं ना दवाखान्याच्या, तेव्हा. आजोबा म्हणाले, येते म्हण, येते म्हण. तिनं म्हटलंच नाही. मग नाही आली. बाबा बांगड्या विकायला जत्रेला जातात, ते येतो म्हणतात, मग येतात. मी दारात जाऊन बघते सगळे नीट म्हणतात का."

आजोबांनी तोंडाला उपरणं लावलं. संक्रांतीच्या आधी गेलेल्या बायकोसाठी ते दुकानात कुणासमोर रडले नव्हते. आता त्या बारक्या खुर्चीशेजारी चटईवर बसून ढसाढसा रडले. वेणू त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्यांच्या खिशातून रुमाल काढून त्यांचं नाक पुसू लागली. एवढे महिने गावभरच्या दारांची राखण करणारं हे पोर, आणि मोठी माणसं म्हणत होती, कसे छान संस्कार आहेत!

डॉक्टरांनी वळून दांडीकडे पाहिलं. शब्दांत हा पोपट साफ चुकला होता. पण वेणूचा श्वास तेवढा त्याने बरोबर ऐकला होता, आणि बाकी कुणीच ऐकला नव्हता.

त्या दिवशी पुढची दोन्ही गावं राहिली. पूरक वर्गाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायला लागल्या, वेणूशी आजीबद्दल बोलायला. अस्मिताची शिकवणी बंद झाली, माफ करा, वाढवली गेली. आजोबा त्या अर्ध्या चुड्यावाल्या नवरीच्या घरी जाऊन उरलेल्या बांगड्या आपल्या हाताने भरून आले. आणि वेणू पुन्हा इतकी बोलायला लागली की शालनताईंना अधूनमधून त्या मुक्या दिवसांची आठवण यायची.

पण डॉक्टरांनी राघूची चूक वरती कळवली होती, आणि वरच्यांनी ठरवलं होतं. सगळे राघू परत बोलवा. आठवण पुसून, सुटे करून टाका. रीतभात शिकवलेली नवी यंत्रं वर्षअखेर येतील.

पोरांना फक्त एवढंच सांगितलं, की राघू गावाला निघालाय. पोरांनी त्याला हळदीकुंकू लावलं, चोचीला गूळ लावला. डॉक्टरांनी त्याला दांडीवरून उतरवून खोक्यात ठेवलं. झाकण लावायच्या आधी, निघताना बोलायचं ठरलेलं वाक्य तो बोलला. "मुलांनो, मी आता जातो. टाटा!"

वेणू दारात आडवी उभी राहिली. तिचा श्वास भराभर चालला होता. "जातो नाही म्हणायचं. येतो म्हण."

राघूने खोक्याकडे पाहिलं, बाहेरच्या गाडीकडे पाहिलं, मग वेणूकडे. आपण कुठे चाललो आहोत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हुकूम त्याच्याच पोटात आला होता. डोळ्याला दिसतं आणि तोंडातून निघतं, ते जुळलं पाहिजे. त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

"म्हण ना," वेणू म्हणाली.

"येतो," राघू म्हणाला.

त्याची अख्खी शेपटी लालभडक झाली. डॉक्टरांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी पाहिलं. नोंद: राघू. दिशाबोध कच्चा.

त्यांना हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. हे त्याला कुणी शिकवलं होतं? खोटं बोलायला शिकला होता हा पोपट, की माणसासारखं बोलायला?

वेणूचा श्वास मात्र शांत झाला होता. ती दारातून बाजूला सरली, डॉक्टरांना वाट करून दिली, गाडीपर्यंत सोबत आली. खोकं मागच्या सीटवर ठेवलं तसं तिने काचेवर टकटक केलं. डॉक्टरांनी काच खाली घेतली.

"येतो म्हणाला ना," वेणूने विचारलं, "मग कधी?"