खडखडणारा डॅशबोर्ड

“फिटर कुठे आहेत?” निळ्या गाडीतून उतरलेल्या चष्मेवाल्याने मला विचारलं. मलाच! माझ्या हातात पेचकस, कपाळावर ग्रीसचा डाग, आणि हा माझ्या मागे फिटर शोधतोय.

“तुमच्या समोर उभ्या आहेत,” मी म्हटलं.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “सॉरी हं… मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो.”

“मग स्वतःचे पण तपासून घ्या एकदा.”

तो हसला. हसताना बरा दिसत होता, हेही मला उगाचच दिसलं.

माझ्या मामांचं कार-स्टिरिओचं दुकान आहे आणि फिटिंग मी करते. चष्मेवाल्याला गाडीतला कंपनीचा जुना स्टिरिओ काढून नवा बसवायचा होता. जुन्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ असतं. घाईने ओढलं की कडकन मोडतं. म्हणून मी आधी केस वाळवायच्या मशीनने ते किंचित गरम करते, ॲश-ट्रेच्या मागे लपलेला स्क्रू काढते आणि मग फटीत चपटी पट्टी सरकवून चौकटीची एकेक क्लिप सोडवते. तो शेजारच्या सीटवर बसून टॉर्च धरत होता. उजेड डॅशबोर्डवर कमी, माझ्या बोटांवर जास्त.

“उजेड कामावर पाडा.”

“कामावरच आहे…” तो हळूच म्हणाला.

मी मान वर केली नाही, कारण मला हसू आलं होतं. नवा स्टिरिओ बसला, चौकट परत लागली, वरून बुक्की मारून पाहिली. चूं नाही की चां नाही. माझ्या हातून गेलेला डॅशबोर्ड कधी वाजत नाही, आणि या एका गोष्टीचा मला माज आहे.

आठवडाभरात स्वारी परत हजर. “ते… जरा खडखडतंय.”

खरंच खडखडत होतं. उघडून बघते तर एक क्लिप गायब! मामा बघत होते. माझं तोंड एवढंसं झालं. चष्मेवाला मात्र म्हणे, “असू द्या हो, सावकाश करा, मला काही घाई नाही.” मी नवी क्लिप लावली आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा प्लास्टिकवर. आपला स्क्रूच फिरून सैल पडतो की काय, ते ठिपका तुटला की मला कळणार होतं.

तो पुन्हा आला. पुन्हा खडखड. मामांनी मला बाजूला घेतलं. “हे बघ, डॉक्टरीणबाईंची गाडी दादाकडे देतो. तू काही दिवस नुसते स्पीकर लाव.”

दादा म्हणजे आमचा जुना फिटर. आणि ती गाडी म्हणजे लाकडी डॅशबोर्डची, जिची मी कधीपासून वाट बघत होते. रडू येत होतं, पण रडायलाही राग आड येत होता. तणतणत जाऊन मी निळ्या गाडीची ॲश-ट्रे ओढली.

ठिपका मधोमध तुटलेला. स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे. आपोआप सैल झालेल्या स्क्रूला ओरखडे पडत नाहीत!

“हा स्क्रू कुणी उघडला?”

तो चष्मा काढून पुसायला लागला.

“मी विचारतेय, कुणी?”

“मी…” त्याने खिशातून क्लिप काढून सीटवर ठेवली. “मागच्या वेळीही मीच. तुमचं बघून शिकलो. यायला काहीतरी निमित्त हवं ना… तुम्ही मला फार आवडता.”

किती दिवस मनात घोळवलं होतं मी हे वाक्य, आणि ते ऐकायला मिळालं असं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“आवडते? म्हणून माझं काम बिघडवलंस? आपला हात बिघडला म्हणून मला घास गिळवत नव्हता! सरळ बोलायला काय तोंड शिवलं होतं तुझं? तिकडे माझी गाडी गेली दादाकडे!”

त्याचा चेहरा पडला. हे त्याच्या गावीही नव्हतं. तो उतरला आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या काउंटरसमोर जाऊन उभा राहिला.

“मामा, डॅशबोर्ड मी बिघडवला. दोन्ही वेळा. यांच्या कामात काहीच खोट नव्हती.”

“अहो, पण का?”

“यांना भेटायला.”

काउंटरवरची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. मग दादा खो-खो हसत सुटला. मामांनी एकदा चष्मेवाल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “दादा, ती गाडी हिच्याकडेच राहू दे. आणि पोरी, या महाशयांचं काय करायचं ते तूच बघ.”

मी त्याची क्लिप बसवली, चौकट दाबली आणि दार धाडकन लावलं. “ही गाडी घेऊन पुन्हा इथे दिसलास तर याद राख!”

“म्हणजे… आता भेटायचंच नाही?”

“गाडी नको म्हटलं मी. तू नको असं कुठे म्हटलं?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शटर ओढत होते तेव्हा तो चालत आला. माझा राग अजून गेला नव्हता. तो सगळा मी त्याला घरापर्यंतच्या वाटेवर ऐकवला, आणि वाट मुद्दाम लांबची धरली.