श्वास रोखा, काका

दार लोटून घ्या आणि जवळ सरका, मला ओरडून बोलायला जमणार नाही. आणि हे ऐकीव नाही बरं का. ज्याच्यावर गुदरलं तो आणि मी छापखान्यात एकवीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. तो बांधणी खात्यात होता, दिवसभर पुस्तकांना खळ लावायचा, म्हणून आम्ही त्याला खळ्या म्हणायचो. हसताय काय, त्याची सख्खी पुतणी त्याला खळकाका म्हणायची.

निवृत्त झाल्यावर खळ्या एकटा राहायचा. दोन खोल्या, मधे पातळ भिंत. त्या हिवाळ्यात त्याचा खोकला हटेना, जिना चढला की धाप लागायची. दवाखान्याला जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि तिथल्या रांगेत धडधाकट माणूस आजारी पडावा. पुतणी दुसऱ्या गावी शिक्षिका. तिने फोनवरूनच फर्मान काढलं, "काका, डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवायचं. घरबसल्या."

"छाती काय फोनवर तपासणार?"

"तपासतात. मी सांगते तसं करा."

रविवारी दोन तास तिने फोनवरूनच त्याच्याकडून सगळं करून घेतलं. ॲप उतरवलं. ओटीपी यायचा, हा चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपायची. चौथ्या खेपेला जमलं. जन्मतारीख, जुनी दुखणी, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो. मग एक प्रश्न आला, घरात श्वासाचा आजार कोणाला होता? खळ्या थांबला.

"बाबांना होता ना दमा," पुतणी म्हणाली. "नात्यापुढे 'भाऊ' लिहा."

त्याने लिहिलं.

वेळ मिळाली गुरुवारची. जानेवारीची अठरा तारीख, रात्री आठ चाळीस.

आठलाच गडी तयार. पुतणीने बजावलं होतं तसं दार बंद, रेडिओ बंद, दिवा तोंडावर. फोन जुन्या वह्यांच्या चळतीला टेकवलेला, तक्रारींचा कागद मांडीवर. इस्त्रीचा शर्टसुद्धा घातला होता. पडद्यावर डॉक्टर आली ती पुतणीच्याच वयाची. खोकला कोरडा की कफाचा, रात्री किती उशा घेता, असं एकेक विचारत गेली. खळ्याची भीड चेपली. उगाच घाबरलो, असं वाटलं त्याला.

"आता शर्टाची वरची बटणं काढा आणि फोन छातीपाशी धरा," ती म्हणाली. "श्वास ऐकू दे मला. खोल घ्या... सोडा. छान. आता रोखा."

त्याने रोखला.

"रोखा, काका."

त्याने मान हलवली. फोन छातीशी, तिला काय दिसणार.

"सोडा. रोखता येत नाहीये का?"

"रोखला होता की."

"बरं, पुन्हा."

पुन्हा रोखला. मनात आकडे मोजले, बारापर्यंत.

"काका, शेजारी कोणी बसलंय?"

"नाही. मी एकटाच असतो."

"मग हा श्वास कोणाचा येतोय?"

खळ्याने कान दिला. काही नाही. घड्याळ तेवढं चाललं होतं.

"शिट्टीसारखा आवाज आहे." तिचा सूर बदलला होता. "तुमच्या मागून येतोय. झटका आलाय त्यांना. फोन तिकडे फिरवा."

मागे भिंत होती.

आता ऐका. दहा वर्षांपूर्वी त्या भिंतीपलीकडे त्याचा थोरला भाऊ झोपायचा. पुतणीचा बाप. दम लागला की भिंतीवर थापा मारायचा. मग खळ्या उठायचा, पंप हातात द्यायचा, पाठ चोळायचा. रोजचंच होतं ते. एका रात्री खळ्या दोन पाळ्या करून आला. थापा पडल्या. शिट्टी ऐकू आली. उठतो जरा वेळाने, म्हणाला, आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. सकाळी भाऊ गेलेला. सगळ्यांना सांगितलं, गाढ झोप लागली होती. मलाही तेच सांगितलं होतं.

"काका, ते काहीतरी बोलतायत."

"काय... काय म्हणतायत?"

ती ऐकत राहिली.

"उठ. एवढंच. पुन्हा पुन्हा."

खळ्या उठला.

फोन हातात. दार ढकललं. खोली रिकामी. पलंग कधीच देऊन टाकलेला. त्याने फोन कोपऱ्याकडे धरला.

"इथे कोणी नाही, डॉक्टर."

"जवळ आलात तुम्ही... अगदी जवळ..."



"डॉक्टर?"

"...थांबला."

खळ्या उभा राहिला. हातातला फोन विझला. अंधारात किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही.

मग तो खाली शेजाऱ्यांकडे गेला आणि त्यांच्या फोनवरून पुतणीला म्हणाला, "त्या रात्री मी जागा होतो. मला ऐकू येत होतं."

पलीकडून नुसतं फोन ठेवल्याचं कळलं.

पहाटेच्या बसने ती आली. त्याला इस्पितळात नेलं, छातीचा फोटो काढला. फुप्फुसात पाणी होतं. आणखी आठवडा गेला असता तर हाती लागला नसता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. चार दिवस तिने त्याचं सगळं केलं. खाऊपिऊ घातलं, औषधं लावून दिली. त्या गोष्टीबद्दल मात्र चकार शब्द नाही. जाताना "येते" म्हणाली नाही. परत आलीही नाही.

तो फोन पुन्हा सुरू झाला नाही. दुकानदाराने उघडून पाहिला, म्हणाला, कोरडा ठणठणीत आहे, बिघाड काहीच नाही. खळ्याला तो घरात नको होता, म्हणून मी आणला.

हा बघा.

काचेवर वाफ दिसतेय? पुसा. पुसा की. नाही जाणार... आतून आहे ती.

आता कोणी बोलू नका. बघत राहा नुसते.

विरली...

...आली परत.