स्वतःविषयी एक पान

धाकटीला परदेशी फॅशन डिझाइन शिकायला जायचं होतं आणि अर्जात स्वतःविषयी एक पान लिहून द्यायचं होतं. "ताई, तूच लिही ना. मला मेलीला येतंय काय?" असं म्हणून तिने कोरा कागद थोरलीच्या शिलाई मशीनवर ठेवला आणि केस धुवायला निघून गेली.

खरं तर जायचं थोरलीनेच. पण वडिलांमागे शिवणाचं दुकान कोण बघणार? ती लिहायला बसली. धाकटीबद्दल लिहिणार तरी काय? सुईत दोरा ओवायचा तर बाईसाहेबांना मदतीला माणूस लागे. शेवटी थोरलीने सरळ स्वतःचंच लिहिलं. मी टेप न लावता, नुसत्या नजरेने माप सांगते. रुसलेल्या गिऱ्हाइकाला हसवून परत पाठवते. एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. असं करत पान भरलं.

त्या पानावर धाकटीची निवड झाली. आईने सगळ्या गल्लीत सांगितलं. थोरलीच्या पोटात दुखू लागलं, आणि ते दुखणं औषधाचं नव्हतं.

महिन्याभराने फोन आला. "ताई, गंमत ऐक! आज वर्गात मी टेपशिवाय माप सांगितलं. बाईंनी मोजून पाहिलं, सुताचाही फरक नाही."

"वा," थोरली म्हणाली. तिचं तोंड कडू झालं होतं.

त्याच दुपारी तिने बेतलेला कोट खांद्यात चार बोटं तोकडा झाला. वीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. जळफळाटाने लक्ष उडालं असेल, तिने मनाशी म्हटलं, आणि कापड भरून दिलं.

पुढच्या फोनवर कळलं की धाकटीने तिथल्या खडूस घरमालकिणीला पोट धरधरून हसवलं. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं तणतणत दुकानातून उतरली. थोरली तोंड उघडायची आणि नेमकं नको ते बोलून बसायची.

मग धाकटी म्हणाली, "अख्ख्या कॉलेजची तोंडं पाठ झाली बघ मला."

दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली. "आपण कोण?" थोरलीने विचारलं. ती शेजारीण होती.

थोरलीने खणातून त्या पानाचा कच्चा खर्डा काढला आणि बोट ठेवून वाचला. अगदी त्याच क्रमाने घडत होतं. आता एकच वाक्य उरलं होतं. मी आईची थोरली, माझ्यावाचून तिचं पान हलत नाही.

तिने फोन लावला. "परत ये. शिक्षण पुरे झालं."

"ताई, माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही का?"

"नाही बघवत!"

पूर्वीची धाकटी रडली असती. ही रडली नाही. "ठीक आहे," ती शांतपणे म्हणाली. "मी आईशी बोलते."

आतल्या खोलीत आईचा फोन वाजला.

आई बराच वेळ बोलत होती. मधेच हसली.

मग ती दुकानात आली. थोरलीकडे पाहून थबकली, घाईने पदर सारखा केला.

"अगंबाई, केव्हाच्या बसलात? हाक तरी मारायची. लेक माझी परदेशी असते. एकुलती एक. म्हणून आता दुकान मीच बघते."

तिने मशीनवरचा टेप उचलला आणि थोरलीच्या खांद्याला लावला.

"हात जरा वर घेता का?"