‘रन’च्या चिठ्ठ्या

“आज पाच वाजता मला हाकलणार आहेत,” असं म्हणत एफी ग्लेन थेट स्वयंपाकघरात शिरली. ओले बूट पुसायचंही तिला सुचलं नाही.

फर्गसचा लापशीचा चमचा तोंडापाशीच थांबला. बाहेर एडिंबरावर समुद्राकडचं धुकं उतरलं होतं, आणि पोरीच्या टोपीवर त्याचे थेंब होते.

“टोपी काढ, बस,” ग्रिझेल टेट म्हणाली. “जन्मापासून सांगू नकोस. कालपासून सांग.”

ग्रिझेलने वीस वर्षं पोलीस कोठडीत बायकांची झडती घेण्याचं काम केलं होतं. आता ती लोकांचे खासगी तपास करायची. फर्गस तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा, ट्रामवरचा निवृत्त कंडक्टर. सहा वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी राहायला आला होता. ते पंधरा दिवस अजून संपायचे होते.

एफी पंचवीस वर्षांची होती. डॉक्टर कारफ्रेंच्या शब्दकोश कचेरीत ती आठ वर्षं चिठ्ठ्या लावत होती. गावोगावचे हौशी वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवतात, एका चिठ्ठीवर एक वाक्य. त्या वाक्यांवरून शब्दाचे अर्थ ठरतात. एकट्या ‘रन’ या इंग्रजी शब्दाच्या नऊशे चिठ्ठ्या होत्या. कचेरीतले सर्वांत जुने सहकारी मिस्टर लोरिमर बारा वर्षं त्यांचे अर्थ लावत बसले होते. मंगळवारी सकाळी गठ्ठा छापखान्यात जायचा म्हणून डॉक्टरांनी तो सोडला. वरची चळत ठीक होती, खाली सगळे कोरे कागद.

“सोमवारी कचेरीला कुलूप मी लावलं,” एफी म्हणाली. “शेगडीत कागदाची राख सापडली. डॉक्टर म्हणतात, मी खऱ्या चिठ्ठ्या जाळून कोऱ्या भरल्या.”

“तू कशाला जाळशील?”

“दोन आठवड्यांपूर्वी मी सहसंपादकाची जागा मागितली. ते हसले. मी म्हणाले, एक दिवस माझी किंमत कळेल तुम्हाला.” एफीने ओठ चावला. “साऱ्या कचेरीने ऐकलं. टेटबाई, चोरीचा शिक्का बसला की या शहरात मला जिने पुसायलासुद्धा कोणी ठेवणार नाही.”

ग्रिझेलने घड्याळाकडे पाहिलं. “फर्गस, लापशी संपव नाहीतर सोड.”

त्याने सोडली. थंड लापशीपेक्षा ग्रिझेलचा थंड आवाज वाईट.

कचेरी म्हणजे एक लांबोळकी खोली, छतापर्यंत लाकडी कप्पे. दारावरचा शिपाई जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता.

“एकदा कोणीतरी एक जुना ग्रंथ पळवला,” एफी कुजबुजली. “तेव्हापासून डॉक्टरांचीही पिशवी सुटत नाही.”

ग्रिझेल आधी शेगडीपाशी गुडघ्यांवर बसली आणि बाहेर काढून ठेवलेली राख काडीने उकरू लागली. “यात काय जाळता?”

“दर सोमवारी छापखान्याची तपासून झालेली रद्दी मुद्रितं.”

“आणि चिठ्ठ्यांच्या चळती कशाने बांधता?”

“टाचणीने. एका अर्थाच्या चिठ्ठ्यांना डाव्या कोपऱ्यात एक टाचणी. पण ती अर्थ लावताना लागते. आर अक्षरापर्यंत काम झालंय. एस ते झेडची खोकी अजून तशीच आहेत, नुसती शब्दवार लावलेली. त्यांना टाचणी शिवलेली नाही.”

“टाचण्या खूप लागत असतील.”

“महिन्याला एक डबा. हे दोन महिने मात्र मागवावा लागला नाही. कोपऱ्यातला सामायिक डबा भरलेलाच असतो.”

ग्रिझेलने राखेची काडी पुसली आणि उठली.

डॉक्टर कारफ्रे उंच, वाळकुडे, सतत चष्मा पुसणारे. “तुम्हाला कोणी बोलावलं?”

“जिला तुम्ही हाकलताय तिने. सोमवारी गठ्ठा तुमच्याकडे कधी आला?”

“दुपारी. दोन महिने शेवटच्या वाचनासाठी लोरिमरच्या मेजावर होता. मी कपाटात ठेवला.”

“उघडून पाहिलात?”

“वरची चळत पाहिली. लोरिमरच्या हातून आलेली चीज मी तपासायची? तुम्ही बिशपला देवाचं नाव विचारता का?”

“चिठ्ठीवर शब्द कुठे लिहिता?”

“लिहीतच नाही! फक्त वाक्य. शब्दाचं नाव कप्प्यावर किंवा खोक्यावर. एकच वाक्य उद्या दुसऱ्या शब्दालाही कामी येतं. माझा नियम आहे तो.” नियमाचं नाव काढताना डॉक्टरांची छाती इंचभर फुगली.

खिडकीपाशी प्रकाशकांकडून लंडनहून आलेले हॉबडे घड्याळ काढून बसले होते. गुबगुबीत, घाईचे.

“मला चोर-बीर नको, कोश हवा,” ते म्हणाले. “तीनशे अर्थ एका शब्दाचे! मी डॉक्टरांना सांगितलं, साठ ठेवा, बाकीच्या चिठ्ठ्या कागदाच्या लगद्याला द्या. शुक्रवारी लगद्याची गाडी येणारच होती.”

“हे कधी सांगितलं?”

“मार्चमध्ये, दोन महिने झाले. सगळ्यांसमोर.”

“समजा तुम्हाला इथे नऊशे चिठ्ठ्या लपवायच्या आहेत. कुठे लपवाल?”

“फळीखाली. नाहीतर छतात.”

ग्रिझेलने तोच प्रश्न एफीला विचारला. ती वैतागून म्हणाली, “वाटेल त्या खोक्यात कोंबीन! वीस लाख चिठ्ठ्या आहेत, कोण शोधतंय?”

मिस्टर लोरिमर सत्तरीचे, बुटके, शाईने निळ्या झालेल्या बोटांचे. प्रश्न आणि एफीचं उत्तर ऐकून ते खरोखर दचकले.

“चुकीच्या खोक्यात? बाई, चुकीच्या जागी ठेवलेली चिठ्ठी म्हणजे मेलेली चिठ्ठी. पुन्हा सापडत नाही. माणूस गळा कापेल, पण असलं करणार नाही.”

“एवढं काय आहे हो त्या शब्दात?” फर्गसने विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “घोडा पळतो, नदी वाहते, नाक गळतं. धुतलेल्या कापडाचा रंग सुटतो. दुकान चालवतात, निवडणुकीला उभं राहतात, बाईच्या मोज्याची वीण उसवते. या साऱ्याला इंग्रजी माणूस ‘रन’च म्हणतो. तीन अक्षरांत अख्खा देश राबतोय. साठ ठेवायचे तर कोणाला घराबाहेर काढू? गळक्या नाकाला?” आणि मग ते अचानक मेजावरचे कागद आवरू लागले. एफी समोरच उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

चार वाजले. ग्रिझेल कप्प्यांमधून नुसतीच फिरत होती. फर्गसला काही सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की तो ट्रामचा विचार करायचा. त्याने ‘ट्राम’चं खोकं काढलं.

“बघ, ग्रिझेल, आपला धंदासुद्धा आहे. ‘कंडक्टर म्हणजे ट्रामचा राजा.’ वा! आणि हे, ‘रविवारी बंदरापर्यंत ट्राम धावत नाही.’ खरंय. पण ही चिठ्ठी कुणी टोचलीय.”

“कुठे?”

“डाव्या कोपऱ्यात. दोन भोकं.”

ग्रिझेल तीन ढांगांत आली. चिठ्ठी उजेडाकडे धरली, मग पलीकडचं ‘वॉटर’चं खोकं ओढून भराभर चाळलं. तिच्या गालावर लाली चढली. ही लाली फर्गसने सहा वर्षांत चारदाच पाहिली होती.

“सगळ्यांना बोलाव,” ती म्हणाली. “पाचाला वीस मिनिटं आहेत.”

डॉक्टरांच्या हातात बडतर्फीचं पत्र तयारच होतं. एफी दाराशी ताठ उभी होती.

“चिठ्ठ्या जळल्या नाहीत,” ग्रिझेलने सुरुवात केली. “नऊशे चिठ्ठ्या म्हणजे शेकडो टाचण्या. कागद जळतो, टाचणी जळत नाही. राखेत एकही नाही. ती सोमवारची रद्दी होती.”

“मग बाहेर गेल्या,” हॉबडे म्हणाले.

“दारात पिशव्या उघडतात. इथेच आहेत. आता डॉक्टर, गठ्ठा सोमवारी बदलला हे कशावरून? तुम्ही वरची चळत पाहिलीत, तेवढंच. खाली कोरे कागद तेव्हाच असतील तर?”

डॉक्टरांचं चष्मा पुसणं थांबलं.

“कचेरीला महिन्याला टाचण्यांचा एक डबा लागतो. दोन महिने लागला नाही. म्हणजे दोन महिने कोणीतरी जुन्या टाचण्या काढून काढून सामायिक डब्यात टाकत होतं. चोरी सोमवारी झालीच नाही. ती दोन महिने रोज होत होती. आणि ते दोन महिने गठ्ठा कोणाच्या मेजावर होता?”

सगळ्यांच्या माना मिस्टर लोरिमरच्या मेजाकडे वळल्या. फर्गसला मात्र राहवलं नाही. “पण गं, वीस लाखांत त्या शोधायच्या कशा?”

“तू शोधलीस की. ‘ट्राम धावत नाही.’ त्या वाक्यात ‘ट्राम’ आहे आणि ‘रन’ही आहे. टाचणी न शिवलेल्या खोक्यात टोचलेली चिठ्ठी आली कुठून? साधा चोर वाटेल तिथे कोंबतो. या चोराला ते जमेना. चिठ्ठी खोट्या जागी ठेवायची म्हणजे त्याच्या हाताला लकवा मारतो. म्हणून प्रत्येक वाक्य वाचून त्याने त्यातला एस ते झेडमधला दुसरा शब्द निवडला आणि त्या शब्दाच्या खोक्यात चिठ्ठी रीतसर लावली. पाणी वाहतं, ती ‘वॉटर’मध्ये. मोजा उसवतो, ती ‘स्टॉकिंग’मध्ये. वरची चळत सोडली तर सगळ्या आपापल्या योग्य जागी. चिठ्ठीवर शब्द नसतो, त्यामुळे कोणाला संशय येणार नाही. काम तिथवर पोचायला दहा वर्षं. तोवर लगद्याची गाडी त्यांना शिवणार नाही.”

मिस्टर लोरिमर खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा उतरले.

“मला सहाशे चिठ्ठ्या मारायला सांगितल्या होत्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला वाटलं, मलाच पकडतील. पकडू देत म्हटलं, माझं काय उरलंय.”

“पण पकडलं हिला,” ग्रिझेल म्हणाली. “कालपासून तुम्ही बघताय.”

“मी सांगितलं असतं तर चिठ्ठ्या...” म्हातारा एफीकडे वळला. “पोरी, मी रात्रभर तुझ्यासाठी रडलो.”

“रडलात, काका,” एफी म्हणाली. “पण बोलला नाहीत. मला बोललेलं हवं होतं.”

हॉबडेंनी घड्याळ खिशात टाकलं आणि विचारलं, “आता त्या परत कशा काढायच्या?”

“एस ते झेड प्रत्येक खोकं चाळून,” एफी म्हणाली. “टोचलेली दिसली की बाहेर. तीन महिने लागतील. काका शब्द आठवून सांगतील, मी काढीन. सहसंपादक म्हणून काढीन. आणि त्यातल्या कोणत्या ठेवायच्या ते त्यानंतर ठरेल, शुक्रवारी नाही.”

हॉबडेंनी तोंड उघडलं, ग्रिझेलने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी मिटलं.

“ठीक आहे, ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “झालं गेलं विसरून जाऊ, एफी.”

“तुम्ही विसरा, साहेब. मला लिहून द्या. साऱ्या कचेरीसमोर मला चोर म्हणालात. मी नाही, हे कागदावर हवं, आणि ते शिपायाला वाचून दाखवायचं.”

डॉक्टरांनी बडतर्फीचं पत्र फाडलं, नवा कागद घेतला. चार ओळी लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. एफीने कागद घेतला, उभ्याउभ्या वाचला, आणि परत मेजावर ठेवला.

“दुसऱ्या ओळीतलं ‘बहुधा’ खोडा,” ती म्हणाली.

डॉक्टर कारफ्रेंनी कोशाच्या एकोणीस वर्षांत कोणाच्या सांगण्यावरून एक स्वल्पविरामही हलवला नव्हता. त्यांनी लेखणी शाईत बुडवली आणि शब्द खोडला.