गोकुळनं वळलेलं रुखवत

चक्कीवर बायांची ही लांब रांग होती, आणि त्या रांगेत एकच गडी उभा होता. त्याचा नंबर आला तसा तो चक्कीवाल्या मोतीरामकाकांना हळूच म्हणाला, "काका, रुखवताच्या गव्हल्याले कसं पीठ लागते?"

हळूच म्हणाला खरा, पण नेमकी त्याच वेळी चक्की थांबली आणि साऱ्या रांगेनं ऐकलं. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "काऊन रे गोकुळ, नवरी तू आहे का तुही बहीण?" एकीनं विचारलंच.

तो कानापर्यंत लाल झाला, पण जागचा हलला नाही. "लगन अश्विनीचंच आहे, काकू. पण रुखवत कोण करंल? माय असती तर तिनं केलं असतं."

बायांचे पदर तोंडावरून खाली आले. त्याच्या मागे मंजुश्री उभी होती. तिला काय वाटलं कोण जाणे... ती बोलून बसली, "बारीक रवा काढून घ्या. अन् उद्या दुपारी आमच्या घरी या. माह्या आईले सारं येते... मलेही येते."

तो वळला. डोळे कसले होते म्हणून सांगू! ओळख ना पाळख, आणि मंजुश्री पाहतच राहिली.

एका गावची माणसं एकमेकांना अनोळखी कशी, असं कुणी विचारेल. तर मंजुश्री बुलढाण्याला होस्टेलवर राहून बी.एड. करून नुकतीच उंद्रीला परतली होती, आणि गोकुळचं घर गावापासून तीन किलोमीटरवर मळ्यात. शेती सांभाळून तो लोकांच्या वावरात ठिबकच्या नळ्या जोडून द्यायचा. भेटणार कुठे?

दुसऱ्या दिवशी तो आला. पायरीवर चपला काढताना म्हणाला, "चिखलीच्या दुकानात तयार रुखवत भेटते. इकत आणून मांडलं तरी अश्विनी काही म्हणणार नाही. ती कधीच काही म्हणत नाही हो. म्हणूनच वाटते, एवढं तरी घरच्या हातानं द्यावं."

मंजुश्रीची आई, शालूबाई, पदरानं डोळे पुसत परात घेऊन बसली. घट्ट भिजवलेल्या रव्याची बारीक वळी चिमटीत धरायची, आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वळून सोडायचा. तो झाला गव्हला. लगनात खीर होते त्याची. सांगायला सोपं, पण नळ्या आवळणारी बोटं ती!

"हा गव्हला आहे का हरभरा?" मंजुश्रीनं विचारलं.

"माह्या बोटाचं मापच हे आहे."

"मंग बोटं बदला."

"तुमची देता का?"

मंजुश्री मान खाली घालून भराभर गव्हले वळायला लागली. शालूबाई खाकरली.

अशा दुपारी सुरू झाल्या. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत असायचं, आत ओल्या रव्याचा गोडसर वास आणि कूलरची घरघर. गव्हले झाले, नखानं दाबून नखुल्या झाल्या, मालत्या झाल्या. हे सारं वळवट वाळत घालायला दोघं माळवदावर जायची. धोतराच्या पानावर ते पसरताना एकदा तिच्या केसाला रवा लागला होता. त्यानं बोट दाखवलं, "इथं..." तिनं भलतीकडेच पुसलं. तो हात पुढे करून थांबला — आणि हात मागे घेतला. त्या रात्री मंजुश्रीला त्या मागे गेलेल्या हातानं झोपू दिलं नाही. अशा वेळी सभ्य माणसाचा रागच येतो!

बोटवे संपले, शेवया संपल्या. वळवटाचे पाच प्रकार झाले की रुखवतातलं वळवट पुरं. शेवटचं ताट तिनं उन्हातून आत आणलं. उद्यापासून दुपारी पायरीवर चपला वाजणार नव्हत्या. कुठल्या तोंडानं बोलवायचं त्याला?

"झालं ना मंग सारं?" गोकुळ म्हणाला. त्याचा आवाजही काही फार खुशीत नव्हता.

"झालं कसं? दोन प्रकार राह्यले अजून," मंजुश्री म्हणाली. "चांदण्या... अन् जुईकळ्या."

"हे तर मी ऐकलेच नाही."

"तुमी कसे ऐकान? गडी माणूस तुमी. अश्विनीच्या सासरकडच्या लोणारच्या बाया मोजून घेतात म्हणे, सात पाह्यजेच."

शालूबाईनं वर पाहिलं. लेकीकडे पाहिलं, गोकुळकडे पाहिलं, आणि पुन्हा रवा भिजवायला घेतला. चांदण्यांना चार दिवस लागले, जुईकळ्यांना तर सहा. इतक्या नाजूक कळ्या कुणी कधी केल्या नसतील.

लगनाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. "माह्या भावानं केलं," अश्विनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. कधी काही न म्हणणारी पोरगी त्या दिवशी बोलायची थांबत नव्हती. वराची मावशी कलाबाई लोणारची, जुन्या वळणाची. ती ताटामागून ताट पाहत आली आणि सहाव्याशी थांबली.

"हे काय गं बाई? वळवट पाचच असते. एवढी लगनं पाह्यली, पण हे दोन नाही पाह्यले कुठं."

मंजुश्री तिथंच उभी होती. अंगावरची नवी साडी तिला पेटल्यासारखी वाटली. गोकुळनं एकदाच तिच्याकडे पाहिलं.

"आमच्या उंद्रीत सात असते, मावशी," तो शांतपणे म्हणाला.

मग वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, पाठवणीत तो लहान पोरासारखा रडला. बोलायला सवडच झाली नाही. आणि नंतर आठ दिवस तो फिरकलाच नाही.

ते आठ दिवस वैऱ्याला येऊ नयेत. दुपार झाली की मंजुश्रीचे कान पायरीकडे. दूधवाला आला, पोस्टमन आला, शेजारची मांजरसुद्धा दोनदा येऊन गेली. चार लोकांत आपण त्याला खोटं बोलायला लावलं, तो रागावला असेल, असं मनात आलं की घास उतरेना. आणि नुसता रागावला असता तर चाललं असतं. त्याला आपली आठवणच येत नसली तर?

नवव्या दिवशी तिनं सायकल काढली. मळ्यात गोकुळ बांधावर बसून नळीला छिद्रं पाडत होता. तिला पाहून उठला.

"वळवट पाचच असते," ती धापा टाकत म्हणाली. "ते दोन मी मनानंच काढले. तुमाले खोटं बोला लागलं माह्यापायी. तेवढंच सांगाले आली होती."

"काऊन काढले पण?"

मंजुश्रीनं सायकलचं हँडल घट्ट धरलं. "कारण... पाच लवकर सरले."

वाऱ्यावर कुठेतरी मोटारीचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. गोकुळ एक पाऊल पुढे आला.

"चांदण्या सुरू केल्या त्याच दिवशी माह्या आत्यानं फोनवर सांगतलं होतं मले, वळवट पाचच असते म्हणून."

"अन् तुमी गप बसले?"

"मलेही पाच कमीच पडून राह्यले होते ना."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "मंग आठ दिवस कुठं होते?"

"इथंच. रोज दुपारी गाडी काढत होतो... अन् फाट्यावरून परत येत होतो. वाटे, जाऊन सांगू काय? लगन तर होऊन गेलं. तुमी नुसतं रुखवतापुरतंच बोलावलं असंल तर?" तो थांबला. मग त्यानं हात पुढे केला, आणि या वेळी मागे घेतला नाही. "मंजू, उद्या बाबाले घेऊन येऊ का तुमच्या घरी?"

"उद्या काऊन?" ती म्हणाली. "आजच या."